मैलापूरच्या पायऱ्यांवरची मैफल

सण आणि सणाआधीचा बाजार यांत जास्त रंगतदार काय, असं कुणी विचारलं तर मी बाजार म्हणेन. पुण्यात लक्ष्मी रोड, मुंबईत दादर, कोल्हापुरात महाद्वार रोड. प्रत्येक गावात एखादा रस्ता असा असतोच, जो सण उजाडण्याआधी स्वतःच तो साजरा करून मोकळा होतो. चेन्नईत हा मान मैलापूरच्या नॉर्थ माडा स्ट्रीटचा. कपालीश्वराच्या देवळाला वेढणाऱ्या चार माडा रस्त्यांपैकी हा उत्तरेचा. नवरात्र जवळ आलं की इथला फूटपाथ बाहुल्यांचा होतो. माणसांनी चालायचं ते रस्त्यावरून, बस आणि रिक्षांची मर्जी सांभाळत.

बाहुल्या असतात गोलूसाठी. गोलू किंवा कोलू म्हणजे नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर मांडलेली आरास. मराठी माणसाला ती समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. आपली चैत्रगौर आठवायची. गौर झोपाळ्यात, पुढे उतरत्या पायऱ्यांवर खेळणी, फराळाची ताटं, कलिंगडाचं कमळ, शेजारणींना हळदीकुंकवाचं बोलावणं आणि आंब्याची डाळ. इथं महिना वेगळा, डाळीच्या जागी सुंडल म्हणजे कडधान्याची उसळ, आणि पायऱ्या विषम संख्येत: तीन, पाच, सात, जागा असेल तर नऊ. सगळ्यांत वरच्या मानकऱ्यांत रक्तचंदनाच्या मरपाच्ची बाहुल्यांची जोडी. त्याखाली देव, मग संत, मग माणसं. आणि माणसांच्या पायरीवर हमखास असते ती मैफल. मधे गायक, बाजूला व्हायोलिन आणि मृदंग, जवळ घटम, मागे तंबोरा. दुकानदाराच्या भाषेत कच्चेरी सेट.

जगात इतरत्र सणासुदीला दुकानाच्या काचेमागे घंटा, चांदण्या आणि कापसाचा बर्फ मांडतात. या शहरात दुकानदार मैफल मांडतो, आणि गेली पन्नास वर्षं मी ती बघत आले आहे.

सत्तरच्या दशकात बाबांची मद्रासला बदली झाली आणि आम्ही मैलापुरातल्या लझ कोपऱ्याजवळ राहायला आलो. पहिल्याच वर्षी आईला धक्का बसला तो भाषेचा नव्हे, पंचांगाचा. पितृपंधरवडा चालू, आमच्याकडे या दिवसांत कुणी नवी चमचीसुद्धा घेत नाही, आणि माडा रस्त्यावर बायकांची झुंबड! कारण साधं होतं. इथं बाहुल्या पायऱ्यांवर चढतात त्या बहुतेक घरांत महालय अमावास्येला. म्हणजे खरेदी त्याच्या आत उरकायला हवी. आई दोन-तीन वर्षं फक्त बघायला जायची, हात लावायची नाही. नंतर तिने स्वतःशीच तोड काढली. बाहुली ठरवायची, दुकानदाराला सांगून ठेवायची आणि पैसे घटस्थापनेच्या सकाळी द्यायचे. दुकानदार तिला हसायचा, पण बाहुली राखून ठेवायचा.

तेव्हाच्या बाहुल्या मातीच्या किंवा कागदाच्या लगद्याच्या. मदुराईजवळचं विळाच्चेरी, कडलूरकडचं पन्रुट्टी, कांचीपुरम, आणि शहरातच पुरसैवाक्कमजवळची कुंभारांची कोसापेट वस्ती, अशा ठिकाणांहून त्या यायच्या. गवताच्या पेंढीत गुंडाळलेल्या. दुकानदार पेंढी सोडायचा तेव्हा आधी कुणाची तरी पगडी दिसायची, मग नाक, मग वीणेचा भोपळा. आत कोण निघेल यावर आम्ही मुलं पैज लावायचो. रंग भडक, ओठ जरा जास्तच लाल, आणि एकाच साच्यातून निघालेल्या दहा त्यागराजांच्या दहा मुद्रा वेगवेगळ्या, कारण डोळे हाताने काढलेले. बायका देवीची मूर्ती निवडताना डोळे बघायच्या. माझी आई गायक निवडताना बघायची. ‘हा बेसूर दिसतो’ म्हणून तिने परत ठेवलेला गायक मला आजही आठवतो.

कर्नाटक संगीत मी शिकले नाही, पण त्याची बैठक मला या फूटपाथवर कळली. गायकाच्या डाव्या हाताला व्हायोलिन, उजव्या हाताला मृदंग. असं का, तेही दुकानासमोर उभ्या असलेल्या एका मामांनी सांगितलं. मृदंगाचं उजवं तोंड नाजूक बोलांचं. वादक गायकाच्या उजवीकडे बसून त्याच्याकडे वळला की ते तोंड आपसूक श्रोत्यांकडे येतं. त्याच मामांनी एकदा दुकानदाराला थांबवलं. त्याने मृदंगवाला चुकून गायकाच्या डावीकडे मांडला होता. मामा म्हणाले, ‘एक तर त्याला इकडे ठेव, नाही तर तो पळनी आहे असं सांग.’ आजूबाजूचे हसले, मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी खुलासा केला. पळनी सुब्रमणिय पिळ्ळै हे फार मोठे मृदंगवादक, पण डावखुरे. ते आले की बैठक उलटी व्हायची आणि व्हायोलिनवाल्याला आपली जागा सोडून पलीकडे बसावं लागायचं. सगळ्यांनाच ते रुचत नसे. पिळ्ळै १९६२ साली गेले, म्हणजे मी ही गोष्ट ऐकली तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण फूटपाथवर, चार बोटं उंचीच्या बाहुलीच्या निमित्ताने, त्यांच्यावरचा वाद अजून चालू होता.

घटमचीही एक गंमत. कच्चेरी सेटमधलं व्हायोलिन खोटं, मृदंग खोटा, तंबोरा खोटा. खरा फक्त घटम, कारण तो मुळातच भाजलेल्या मातीचा. शिवगंगा जिल्ह्यातलं मानामदुरै घटमसाठी प्रसिद्ध आहे. बाकीच्या वाद्यांना फणसाचं लाकूड लागतं, चामडं लागतं, तारा लागतात. बाहुलीवाला ती सगळी मातीत आणि रंगात खपवतो. घटमच्या बाबतीत मात्र तो काही खपवत नाही, फक्त आकार लहान करतो.

खालच्या पायरीवर चेट्टियार असायचा. ढेरपोट्या वाणी, शेजारी बायको, पुढे तांदूळ, डाळी आणि गुळाच्या छोट्या ढिगांचं दुकान. घरी आणल्यावर त्या ढिगांच्या जागी खऱ्या डाळी ठेवायच्या. म्हणजे दुकानाच्या आराशीत एक दुकान, आणि त्याच्यावरच्या पायरीवर गाणं चालू. या शहराने संगीत आणि व्यापार यांची अशी एकमेकांशेजारी मांडणी केली याचं मला लहानपणी काही वाटलं नाही. आता वाटतं की शहराचा नेमका स्वभाव त्या दोन पायऱ्यांत होता.

गोलू बघायला गेलं की गावं लागायचं. ‘एक गाणं म्हण’ हा आग्रह झाल्याशिवाय सुंडल हातात पडत नसे. माझ्या मैत्रिणी दीक्षितरांच्या कृती म्हणायच्या, मी भोंडल्याचं गाणं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मामी तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी आमच्या मराठीहून निराळी, तमिळचा हेल असलेली, पण त्यांच्या देवघरात तुकोबा आणि विठोबा होते. त्या मला अभंग म्हणायला लावायच्या आणि स्वतः टाळ धरायच्या. भोंडल्यात खिरापत ओळखायला लावतात. इथं ओळखण्यासारखं काही नसे. सुंडल चण्याचं आहे की चवळीचं, हे जिन्यातच वासावरून कळायचं.

त्या मामींमुळेच मला एक धागा सापडला. आपण ज्याला परक्या मुलखातली आरास समजतो, तिच्यात आपला हात बराच आत गेलेला आहे. व्यंकोजी भोसल्यांपासून १८५५ पर्यंत तंजावरवर मराठ्यांचं राज्य होतं. त्यागराज, श्यामाशास्त्री आणि मुत्तुस्वामी दीक्षितर या कर्नाटक संगीताच्या तिन्ही थोर रचनाकारांचा जन्म तिरुवारूरचा, म्हणजे याच राज्यातला. गोलूत हे तिघे एकत्र बसतात आणि त्यांच्या शेजारी बऱ्याचदा तंजावरची मान डोलवणारी बाहुली असते. तिचे भाग वेगळे करून एकावर एक तोललेले, म्हणून जरा धक्का लागला की कंबर एकीकडे आणि मान दुसरीकडे डोलते. दुसरी राजा-राणीची जोडी, गोल जड बुडाची, कितीही आडवी करा, पुन्हा उभी राहते. ही खेळणी दुसऱ्या सरफोजींच्या काळाशी जोडली जातात. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला कीर्तनं करत, आणि त्या मराठी कीर्तनाच्या घाटावरून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला तिचं रूप दिलं. गोलूतला चिपळ्या घेतलेला भागवतर बघितला की आमची आई म्हणायची, ‘हा आपल्याकडचा.’ तिचं फार काही चुकत नव्हतं.

माडा रस्ता नवरात्राचा, तर डिसेंबर माउंट रोडचा आणि सभांचा, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्थांचा. मार्गळी महिना म्हणजे आपला धनुर्मास. आपल्याकडे या दिवसांत पहाटे बाजरीची भाकरी आणि खिचडीचा नैवेद्य, इथं पहाटे माडा रस्त्यांवरून भजनाची दिंडी. रचनाकार पापनाशम शिवन या दिंडीपुढे गात जात, असं जुनी माणसं सांगत. संध्याकाळी सभा. १९२७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन मद्रासला भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि पुढच्या वर्षी म्युझिक अकॅडमी उभी राहिली. तेव्हापासून डिसेंबरातल्या मैफलींचा पायंडा पडला आणि एका सभेच्या अनेक सभा झाल्या. हंगामाची तिकिटं आमच्या खिशाला परवडणारी नव्हती. आम्ही सकाळचे फुकट कार्यक्रम ऐकायचो आणि संध्याकाळी दुकानं बघायचो.

माउंट रोडवर स्पेन्सरच्या जुन्या लाल इमारतीत नाताळची आरास असायची. तिथून पुढे गेलं की म्युझी म्युझिकल, १८४२ मध्ये मिस्क्विथ कंपनी म्हणून सुरू झालेलं वाद्यांचं दुकान. काचेमागे व्हायोलिनं, गिटार, पियानो. मद्रासच्या व्हायोलिनची मला त्या काचेपुढे गंमत वाटायची. दुकानात ते नाताळच्या गाण्यांसाठी मांडलेलं असायचं, उभ्याने हनुवटीखाली धरायचं. मैलापुरात तेच वाद्य मांडी घालून बसायचं आणि त्याचं टोक उजव्या पावलावर टेकायचं. दोघांमधलं अंतर बसने अर्ध्या तासाचंही नव्हतं.

ग्रामोफोनच्या दुकानांत रेकॉर्डींची कव्हरं पायऱ्यांवर मांडायचे, गोलूसारखीच. वरच्या पायरीवर एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९६३ मध्ये निघालेलं त्यांचं सुप्रभातम त्या पायरीवरून खाली उतरलेलं मी कधी पाहिलं नाही. जुन्या तबकड्या हव्या असतील तर सेंट्रल स्टेशनाशेजारचं मूर मार्केट. तिथं आरास नव्हती, ढीग होते. पण त्या ढिगांत तासन्तास बसलं तरी कुणी उठवत नसे. पुढे कॅसेटी आल्या तेव्हा लझच्या दुकानदारांनी त्यांच्या भिंती बांधल्या, आणि प्रत्येक दुकान बाहेर लावलेल्या स्पीकरवरून आपली निवड जाहीर करू लागलं. एका दुकानातला तोडी संपायच्या आत पुढच्या दुकानातला कल्याणी सुरू व्हायचा. रेशमी साड्यांची दुकानं त्यांच्या परीने सामील. शोकेसमध्ये कांजीवरम, शेजारी वीणा. सुब्बुलक्ष्मींसाठी विणलेली ती विशिष्ट निळी छटा तर ‘एम. एस. ब्लू’ याच नावाने मागितली जायची. हंगामात श्रोते गाण्याइतक्याच बारकाईने साड्या बघतात, हे दुकानदारांना ठाऊक होतं.

आता त्यातलं काय उरलंय?

इमारती तर भराभर गेल्या. स्पेन्सरची जुनी इमारत १९८३ च्या आगीत गेली आणि तिच्या जागी नवं संकुल उभं राहिलं. मूर मार्केट मे १९८५ मध्ये जळालं. कॅसेटी सीडींनी घालवल्या, सीडी फोनने. नुंगंबाक्कमचं लँडमार्क, जिथं आम्ही हेडफोन लावून उभ्या-उभ्या अख्खी मैफल ऐकायचो, तेही बंद झालं. माउंट रोडचा अण्णा सलै झाला, मद्रासचं चेन्नई झालं, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने या शहराला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. तोवर स्पीकर लावून तोडी वाजवणारं दुकान लझला शोधावं लागत होतं.

माडा रस्ता मात्र टिकला. मेट्रोच्या खोदकामाने लझपासून देवळापर्यंतचा सगळा भाग पत्र्यांनी आखडला, वाहतूक वळवली, जमिनीखाली कित्येक मजले खोल स्टेशन होतंय. तरी नवरात्राआधी बाहुल्या येतातच. फूटपाथवरच्या दुकानांच्या जोडीला मोठी दुकानं आहेत. गिरी ट्रेडिंगसारखं, जे मुळात मुंबईच्या माटुंग्यात सुरू झालं आणि आता मैलापूरची ओळख बनलंय. अण्णा सलैवर पूम्पुहार या सरकारी हस्तकला दुकानाचं आणि खादी भवनाचं कोलू प्रदर्शन भरतं. मातीच्या जोडीला प्लास्टर आणि फायबर आलं. फायबर हलकं, न फुटणारं, म्हणून न्यू जर्सीच्या बॅगेत जाणारं. पेंढीची जागा बुडबुड्यांच्या प्लास्टिकने घेतली, त्यामुळे आत कोण निघेल याची पैज संपली. सगळं आधीच दिसतं. खरेदीही बरीचशी फोनवर होते. फोटो पाठवा, पसंत करा, घरी पोहोचवतो.

विषय वाढले. चांद्रयान, क्रिकेटचा संघ, लग्नाची पंगत, शाळेचा वर्ग. स्पर्धा असतात, परीक्षक घरी येतात, आणि मग गोलू बक्षिसासाठी मांडला जातो. मी यावर नाक मुरडत असे. पण प्रत्येक पिढी तिला जे मोठं वाटतं ते पायरीवर चढवते. आमच्या वेळी सुब्बुलक्ष्मी चढल्या, तेव्हाही कुणी तरी जुनं माणूस ‘देवांच्या आराशीत ही कशाला’ म्हणालंच असेल.

खरा बदल मला कच्चेरी सेटकडे बघताना कळतो, आणि तो असा की सेट बदललेलाच नाही. फायबरचा झाला, चकाकी वाढली, पण बसणारे तेच. मधे गायक, उपरणं, कपाळी विभूती किंवा नाम. मागे तंबोरा घेतलेली बाई. आणि खऱ्या रंगमंचावर? तंबोऱ्याचं काम कितीतरी ठिकाणी इलेक्ट्रॉनिक पेटी करते, आणि आता फोनवरचं ॲप. गायकाच्या मागची जागा रिकामी असते. गायकापुढे टॅब्लेट असतो, त्यावर गाण्याचे शब्द. बायका मृदंग वाजवतात, घटमही वाजवतात. सुकन्या रामगोपाल यांनी घटमवर उभं आयुष्य काढलं. बाहुल्यांच्या दुकानात मात्र घटमवाली बाई मला अजून मिळालेली नाही. सभेत जे संपत आलंय ते पायरीवर शाबूत आहे, आणि सभेत जे नव्याने आलंय ते पायरीवर पोहोचलेलं नाही. म्हणजे या आराशीचं घड्याळ सभागृहाच्या घड्याळापेक्षा तीस-चाळीस वर्षं मागे चालतं. माझ्यासारख्यांना ते आवडतं, हे उघड आहे. पण आवडतं म्हणून ते पूर्ण खरं असतं, असं नाही.

कारण त्या पायरीवर तेव्हाही सगळे नव्हते. नादस्वर आणि तविल वाजवणारे वेगळ्या सेटमध्ये असत. लग्नाच्या वरातीपुढे किंवा देवाच्या पालखीपुढे उभे. मैफलीच्या पायरीवर बसलेले नव्हेत. सभांच्या जगातही त्यांची जागा बरीचशी अशीच होती: उद्घाटनाला, दाराशी. आणि एक माणूस तर कुठल्याच सेटमध्ये नाही, मृदंग बनवणारा. गायक टी. एम. कृष्णा यांचं ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक २०२० मध्ये आलं, ते याच माणसांवर. तंजावरच्या एका दलित ख्रिस्ती कुटुंबापासून पसरलेली ही कारागिरी. उजव्या तोंडाला गायीचं आणि बकऱ्याचं चामडं, डाव्याला म्हशीचं, मधे शाईचा थर, फणसाच्या खोडावर ताणलेल्या वाद्या. गुरं कुठं मिळतात, कातडं कोण सोलतं, कोणत्या कातड्याचा सूर कसा, हे ज्ञान त्यांचं. वादकाने बोटं ठेवायची ती या ज्ञानावर. मी लहानपणी ज्या मामांकडून मृदंगाच्या उजव्या तोंडाची थोरवी ऐकली, त्यांनी ते तोंड कशाचं बनतं हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आमच्या त्या रम्य फूटपाथवर हा प्रश्न कुणाला सुचतच नसे. जुन्या दिवसांबद्दल गहिवरून बोलताना ही गोष्ट बाजूला ठेवली तर आपण आठवणी सांगत नाही, जाहिरात करतो.

मग हरवलं काय? माझ्या मते बघण्याचा फुकट वेळ. तेव्हा काचेपुढे उभं राहणाऱ्याकडून दुकानदाराला काही अपेक्षा नसे. आमच्यासारखी तिकीट न परवडणारी माणसं, शाळेतून घरी जाणारी पोरं, भाजी घेऊन निघालेल्या बायका, सगळे थांबायचे. अनोळखी मामा अनोळखी मुलीला पळनी पिळ्ळैंची गोष्ट सांगायचे. कोणत्या रागाची कॅसेट चालू आहे यावर दोन गिऱ्हाइकांत वाद लागायचा आणि निकाल द्यायला तिसरा थांबायचा. ती आरास म्हणजे सभेबाहेरची सभा होती. आज संगीत त्या मानाने अफाट स्वस्त आहे. २०२० च्या डिसेंबरात साथीमुळे सभा बंद होत्या, तेव्हा मैफली थेट फोनवर आल्या आणि त्या कोल्हापुरातल्या माझ्या मावसबहिणीनेही ऐकल्या. हे आमच्या काळात स्वप्नातही नव्हतं. पण फोनवर ऐकताना शेजारी मामा नसतात. मृदंग उलट बाजूला का, हे विचारायला आधी ते खटकावं लागतं, आणि खटकायला कुणी तरी जवळ हसावं लागतं.

मिळालं काय, तेही सांगते. अभंग. तेव्हा आमच्या मामींच्या टाळापुरता असलेला विठोबा आता डिसेंबरच्या हंगामात मैफलीच्या उत्तरार्धात येतो आणि सभागृह त्याची वाट बघतं. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री या भगिनींनी अभंग इतका रुजवला की आता श्रोते चिठ्ठी पाठवून मागणी करतात. त्याचे पडसाद माडा रस्त्यावरही उमटले. पंढरपूरच्या वारीचा सेट आता दुकानात मिळतो. विठ्ठल-रखुमाई, टाळकरी, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेली बाई. माझ्या आईने पन्नास वर्षांपूर्वी हा सेट शोधला होता. तेव्हा दुकानदाराने तिला चिपळ्यावाला भागवतर दाखवून तडजोड करायला लावली होती.

गोलूचा एक रिवाज मला फार शहाणपणाचा वाटतो. दर वर्षी किमान एक नवी बाहुली घ्यायची, आणि जुनी टाकायची नाही. त्यामुळे कुठल्याही घरच्या पायऱ्यांवर एकच काळ कधीच नसतो. आमच्याकडे आईने निवडलेला मातीचा सुरेल गायक आहे, त्याच्या उजवीकडे नव्वदच्या दशकात घेतलेला प्लास्टरचा मृदंगवाला आहे, आणि दोघांच्या मागे सुनेने फोनवरून मागवलेली फायबरची तंबोरेवाली. तिघांची मापं जुळत नाहीत. तंबोरेवाली गायकापेक्षा उंच आहे. पण नवमीला सरस्वतीपूजनात नातीचं व्हायोलिन त्यांच्यापुढे ठेवलं जातं, विजयादशमीला ते उचलून ती नवा धडा सुरू करते, आणि संध्याकाळी एक बाहुली आडवी निजवून आरास मोडते. मला ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांतलं एक निवडायला सांगणाऱ्यांना मी आमच्या पायऱ्या दाखवते.

गेल्या वर्षी मी माडा रस्त्यावर ओळखीच्या दुकानात गेले. तेव्हाच्या दुकानदाराचा मुलगा आता तिथे बसतो. बाप मला ‘पाप्पा’, म्हणजे बाळ, म्हणायचा, मुलगा ‘मामी’ म्हणतो. मी त्याला म्हटलं, कच्चेरी सेटबरोबर मला दोन बाहुल्या हव्यात. एक घटम वाजवणारी बाई, आणि एक मृदंगाला वाद्या ताणणारा कारागीर. त्याने नवलाने बघितलं नाही. हिशेब केला.

‘मामी, साचा करायला खर्च येतो. एका बाहुलीसाठी कुणी साचा करत नाही. शिवाय आडी महिन्यात सांगायला हवं, माती वाळायला वेळ लागतो. तुम्ही असं करा, दहा गिऱ्हाइकं जमवा. दहा झाली की विळाच्चेरीला सांगतो.’

आडी म्हणजे साधारण आपला आषाढ. त्याच्या आत आणखी नऊ जण हवेत. मैलापूरला कुणी येणार असेल तर कळवावं.